एका निशाणाखालच्या पाच टोळ्या : आर्दुन संघातली दुफळी

रानवाटा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी एक मोठी कादंबरी लिहितो आहे. तिच्यातलं जग काल्पनिक आहे, पण माणसं, जनावरं आणि हवामान आपल्या ओळखीचं. कथेच्या मध्यभागी एक भटका टोळीसंघ आहे, आर्दुन. त्याच्या आतल्या दुफळीवर इथे चर्चा करायची आहे. या विषयावर वाचन असलेली आणि मेंढपाळांबरोबर राहिलेली माणसं इथे आहेत, हे जुन्या धाग्यांवरून ठाऊक आहे.

आधी भूगोल सांगतो. उत्तरेला गवताचं अफाट पठार. पश्चिमेला डोंगर, माथ्यावर वर्षातले बरेच महिने बर्फ. दक्षिणेला खारं वाळवंट आणि त्यात एक मोठं मिठाचं सरोवर. पूर्वेला नदी, आणि तिच्या काठाने तटबंदीची शहरं. धान्य, कापड, लोखंड, कारकून आणि करवसुली हे सगळं तिथून येतं.

संघात पाच टोळ्या आहेत. केश्मेर उत्तरेच्या पठारावर घोडे पाळतात. तुरगा डोंगरपायथ्याला शेळ्यामेंढ्या राखतात, डोकी मोजली तर सगळ्यांत जास्त तेच. ओर्मे डोंगरात उंचावर राहतात, त्यांची गुरं केसाळ आणि थंडी सोसणारी. बिल्हान वाळवंटातले उंटवाले, मीठ त्यांच्या ताब्यात. पाचवे सादक. सादकांना मूळपुरुष नाही. चारही टोळ्यांतून फुटलेले, हरलेले, कर्जात बुडालेले लोक संघनायकाच्या तंबूभोवती जमले आणि दोन-तीन पिढ्यांत त्यांचीच एक टोळी झाली.

काल्पनिक जगातल्या टोळ्या बहुतेक वेळा स्वभावाने वाटून दिलेल्या असतात. एक शूर, एक कावेबाज, एक मंत्रतंत्रवाली. मला ती माणसं खरी वाटत नाहीत. प्रत्येक टोळीत सगळ्या स्वभावांची माणसं असणार. टोळी कुठल्या वाटेने चालते, कुठल्या जनावरामागे चालते आणि शहराच्या वेशीवर कुठल्या नात्याने उभी राहते, यावरून तिचं वेगळेपण ठरतं असं मी मानतो. भाषा, देव, गाणी, लग्नाचे नियम त्यावर पिढ्यान्‌पिढ्या चढत जातात.

कादंबरीत संघनायक मरतो आणि वर्षभरात संघ फुटतो. ती फूट वाचकाला आधीपासून जाणवायला हवी. तुमच्या मते पहिली चीर कुठे दिसेल?

कडुलिंब

विषय आवडीचा आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

चीर जनावरांच्या पोटापासून सुरू होईल. मेंढी पाच महिन्यांत विते, घोडी अकरा महिने घेते, उंटीण तेरा महिन्यांच्या आसपास. मोठा दुष्काळ किंवा हिमसंकट आलं की मेंढ्यांचा कळप काही वर्षांत पुन्हा भरतो. उंटांचा कळप भरायला अर्धी पिढी जाते. मंगोलियात ‘झुद’ म्हणतात त्या हिवाळ्यात गवतावर बर्फाचा कडक थर बसतो आणि जनावरं उभ्या उभ्या मरतात. तुमच्या संघावर असा एक हिवाळा आणा. त्यानंतर पाच वर्षांनी तुरगांकडे कळप असतील, आणि केश्मेर-बिल्हानांकडे जुना मान उरेल पण जनावरं नसतील. मानाची उतरंड एकीकडे आणि संपत्ती दुसरीकडे गेली की संघाची बैठक पहिल्यासारखी राहत नाही.

ही उतरंड तुम्ही अजून मांडलेली नाही. अरबस्तानात उंटवाल्या बदाऊन टोळ्या स्वतःला खानदानी समजत आणि मेंढ्या राखणाऱ्यांना खालचं मानत. उंट पाण्यावाचून कितीतरी दिवस वाळवंटात आत जाऊ शकतो, मेंढी जाऊ शकत नाही. त्यामुळे मेंढीवाला विहिरीला आणि गावाला बांधला जातो, त्याच्यावर धाड घालणं सोपं होतं. मग तो उंटवाल्याला संरक्षणाचा हप्ता देतो, त्याला ‘खुवा’ म्हणत. सहारातल्या तुआरेगांच्या अहाग्गार संघातही उंट आणि शस्त्रं सरदारांकडे असत, आणि त्यांना कर देणाऱ्या अंकित टोळ्यांना ‘शेळ्यांचे लोक’ असंच नाव होतं.

तेव्हा तुमचे तुरगा संख्येने जास्त असले तरी बैठकीत त्यांची जागा दाराजवळ असेल. ते कोणाला हप्ता देतात, हे आधी ठरवा.

स्वरदा

वाचते आहे. कडुलिंब, झुदचा मुद्दा फार आवडला. वाचनखूण साठवली.

नीरेकाठ

आमचं गाव फलटणच्या बाजूचं आणि लहानपण धनगरांच्या वाड्यांच्या शेजारचं. इथल्या बऱ्याच वाचकांनी ते ऐकलं असेल, पण या धाग्याला लागू आहे म्हणून लिहितो.

दिवाळी झाली की वाडे घाट उतरून कोकणाकडे निघतात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. वाडा म्हणजे इथे घर नव्हे, बरोबर चालणारी दहा-वीस बिऱ्हाडं. घोड्यांवर संसार, मागे मेंढ्या, रात्री वाघर म्हणजे जाळीचं कुंपण लावून कळप आत. कोकणात भातकापणी झालेल्या खाचरांत मेंढ्या बसवतात. रात्रभर पडलेल्या लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी धान्य देतो, आता पैसेही देतो. एकाच समाजाचे दोन वाडे असतात, पण एकाची वाट एका घाटाने आणि दुसऱ्याची दुसऱ्या. पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक गावांशी, ठरावीक शेतकरी घरांशी संबंध. त्यामुळे एका वाड्याच्या बोलण्यात कोकणातले शब्द आणि खाण्यात तांदूळ शिरलेला, आणि जे देशावरच फिरतात त्यांच्यात तो नाही. तुम्ही वाटेबद्दल लिहिलंत ते मला म्हणूनच पटलं.

पण तुमच्या मांडणीत कारागीर दिसत नाहीत. आमच्याकडे हटकर मेंढ्या राखणारे, खुटेकरांकडे लोकर आणि घोंगडी विणण्याचं काम, आणि घोंगड्यांत सनगरांचाही हात. लोकर एकाची, माग दुसऱ्याचा, आणि तरी मुली द्यायच्या-घ्यायच्या की नाही यावर शेकडो वर्षांचे नियम. आर्दुन संघात तंबूचा नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेलं जाड कापड, कोण बनवतं? नाल कोण ठोकतं? ही माणसं कुठल्या टोळीची?

दुसरं म्हणजे तुमचा संघ एकत्र येतो कुठे? वर्षभर हे लोक एकमेकांना दिसतच नसणार. आमच्याकडे पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला कुठून कुठून वाडे येतात. भंडाऱ्याने माणसं, ढोल, रस्ते सगळं पिवळं होतं, फरांडेबाबांची भाकणूक होते, आणि पुढच्या वर्षी पाऊस कुठे, रोगराई कुठे हे सगळे एकदम ऐकतात. समाज डोळ्यांनी दिसतो तो त्या दिवसांत. तुमच्या संघाला असा दिवस नसेल तर तो संघ कागदावरच राहील.

रानवाटा

नीरेकाठ, मनापासून आभार. एकत्र येण्याची जागा आहे : मिठाचं सरोवर. शरद ऋतूत पाणी आटून काठावर मिठाचा थर पडतो, त्या वेळी पाचही टोळ्या तिथे उतरतात. जनावरांना मीठ हवंच असतं, शिवाय त्याच दिवसांत लग्नं, तंटे आणि संघनायकाची बैठक उरकते.

कारागिरांबद्दल मी तुआरेगांकडून घेतो आहे. त्यांच्यात लोहार ‘इनादन’ हा वेगळा वर्ग असतो. लोखंड, चांदी, लाकूड सगळं तेच घडवतात, लग्नं आपापसांत करतात, आणि लोकांना त्यांचा धाकही असतो आणि त्यांच्यावाचून चालतही नाही. आर्दुनमध्ये असे लोहार प्रत्येक टोळीबरोबर चालतात, पण मेळ्यात सगळे लोहार एकाच ठिकाणी तळ देतात. म्हणजे पाच टोळ्यांच्या आत एक सहावी बिरादरी, आडवी पसरलेली.

दूरदेशी

मी इथे परदेशात इराणी सहकाऱ्यांबरोबर काम करते. त्यातल्या एकीचं आजोळ कश्काई, म्हणजे इराणमधल्या एका भटक्या टोळीसंघातलं. तिच्यामुळे वाचायला लागले आणि मग थांबताच आलं नाही. रानवाटा, तुमचे सादक कश्काई संघातल्या ‘अमले’ या टोळीवरून सुचले असावेत, हो ना? इल्खानीच्या म्हणजे संघप्रमुखाच्या चाकरीतल्या माणसांची तीही टोळीच बनली होती.

माझा मुद्दा जरा वेगळा आहे. संघ आधी होता आणि मग त्याच्यात दुफळी झाली, असं तुम्ही धरून चालला आहात. पण कितीतरी संघ बाहेरच्याने बांधलेले असतात. दक्षिण इराणच्या फार्स प्रांतात कश्काई फार बळावले, तेव्हा १८६०च्या दशकाच्या सुरुवातीला शिराझच्या कवाम या धनाढ्य घराण्याच्या हाताखाली पाच टोळ्यांची मोट बांधून खमसे संघ उभा केला गेला. त्यात अरबी बोलणारे होते, तुर्की बोलणारे होते आणि फारसी बोलणारे बासेरीही होते. ना एक पूर्वज, ना एक भाषा. संघप्रमुख तंबूत राहणारा नव्हता, शहरातल्या हवेलीत बसणारा होता. व्यापारी वाटा सुरक्षित राहाव्यात आणि कश्काईंना तोल मिळावा, एवढ्यासाठी तो संघ होता. आणि कश्काईंमध्ये तरी काय, तुर्की भाषा मुख्य असली तरी लूर, कुर्द, अरब मुळाची घराणी त्यात मिसळलेली.

बख्तियारींचं पाहा. झाग्रोस पर्वतातला हा मोठा लोकसमूह. हिवाळ्यात खुझेस्तानच्या सखल भागात, उन्हाळ्यात डोंगरापलीकडे. वाटेत कारून नदीचा फुगलेला प्रवाह कातड्याच्या फुगवलेल्या पखालींवर ओलांडायचा आणि जर्दकुह या डोंगराचं बर्फ तुडवत चढायचं. त्यांच्यात हफ्त लंग आणि चहार लंग असे दोन मोठे भाग पूर्वीपासून. पण संपूर्ण बख्तियारींचा एकच इल्खानी १८६७ साली झाला, नासिरुद्दीन शाहने ही पदवी हुसेन कुली खानाला दिली तेव्हा. तो शाहला नको इतका मोठा झाला आणि १८८२ साली इस्फहानमध्ये शाहच्या मुलाच्या, झिल्ले-सुलतानच्या हाताखाली मारला गेला. त्यानंतर इल्खानी आणि हाजी इल्खानी अशा दोन शाखा पडल्या आणि पदं त्यांच्यात फिरत राहिली. म्हणजे एक करणारी पदवी राजधानीतून आली, आणि नंतरची भांडणंही त्याच पदवीवरून झाली.

याच्यापुढचा भाग तर तुम्हाला फार उपयोगी पडेल. १९०८ साली मस्जिद-सुलेमानला तेल लागलं. ती जमीन बख्तियारींच्या हिवाळी कुरणांची. विहिरींच्या राखणदारीच्या बदल्यात तेल कंपनीने खानांना ३ टक्के भाग देऊ केला होता. तो पैसा मेंढ्या हाकणाऱ्याच्या तंबूपर्यंत कितीसा पोचणार? दुसऱ्याच वर्षी, १९०९ मध्ये, याच खानांनी सैन्य घेऊन तेहरान घेतलं आणि संविधानवाद्यांना पुन्हा सत्तेवर आणलं. पुढे ते मंत्री झाले, प्रांताधिकारी झाले, शहरात वाडे बांधून राहिले. हफ्त लंग आणि चहार लंग यांच्यातल्या अंतराहून शहरातले खान आणि डोंगरातले मेंढपाळ यांच्यातलं अंतर मोठं झालं.

म्हणून सुचवते : पाच टोळ्यांच्या पाच सीमा आखताना एक रेघ आडवीही ओढा. मिठावर शहराकडून कर किंवा कंत्राट येऊ द्या, आणि ते पैसे बिल्हानांच्या दोन-तीन घराण्यांनाच मिळू द्या.

कडुलिंब

दूरदेशी, तुमच्या प्रतिसादासाठी हा धागा उघडल्याचं सार्थक झालं. आडव्या रेघेशी पूर्ण सहमत.

कासारघाट

मला थोडा विरोध नोंदवायचा आहे. सगळं कुरण, कर आणि जनावरांवर नेऊन ठेवलं की माणसं कशासाठी जीव देतात ते सुटून जातं. ती पूर्वजासाठी जीव देतात. कझाकांचे तीन मोठे भाग, थोरला, मधला आणि धाकटा झुझ, आजही लोकांच्या बोलण्यात जिवंत आहेत. त्यांची म्हण आहे : थोरल्याच्या हाती काठी देऊन कळपामागे पाठवा, मधल्याच्या हाती लेखणी देऊन वादाला पाठवा, धाकट्याच्या हाती भाला देऊन शत्रूवर पाठवा. रानवाटांना स्वभावाने वाटलेल्या टोळ्या नको आहेत, पण लोक स्वतःच स्वतःला असं वाटून घेतात. ते खरं असायची गरज नाही. तुमच्या केश्मेरांनीही स्वतःबद्दल आणि तुरगांबद्दल अशा म्हणी रचलेल्या असणार.

आणि या तिन्हींच्या बाहेर, वर, चंगीझखानाचे वंशज. ते कुठल्याच झुझमध्ये मोडत नसत, त्यांना ‘पांढऱ्या हाडाचे’ म्हणत आणि खान त्यांच्यातूनच होई. तुमचा संघनायक कुठल्या हाडाचा? तो पाचातल्याच एका टोळीचा असेल तर बाकीचे चार त्याला का मानतात?

देवाधर्माबद्दलही तुम्ही काही लिहिलेलं नाही.

रानवाटा

कासारघाट, म्हणींचा मुद्दा सोन्यासारखा आहे, घेतो. ‘तुरगाला वाट विचारलीस तर विहीर दाखवेल’ अशी एक केश्मेर म्हण लगेच सुचली. तुरगांची उलट म्हणही लिहीन.

धर्माबद्दल मी मुद्दाम जपून आहे. चंगीझखानाच्या उदयाच्या काळात केराइत आणि नायमान टोळ्यांमध्ये पूर्वेकडच्या चर्चचे ख्रिस्ती होते, इतर टोळ्या आकाशदेव आणि ओढ्या-डोंगरांना मानणाऱ्या. तरी त्या वेळच्या लढाया धर्माच्या बाजूने विभागल्या गेल्या नाहीत. केराइतांचा तोघ्रुल खान अनेक वर्षं चंगीझचा आश्रयदाता होता, मग वैरी झाला, आणि त्याच्या भावाची ख्रिस्ती मुलगी सोर्खाख्तानी चंगीझच्या घरात सून म्हणून आली. तिचेच मुलगे मोंगके आणि कुबलाई. पुढे १२०६ साली ओनोन नदीकाठी चंगीझने सगळ्यांची मोडतोड करून हजाराहजारांच्या पंचाण्णव तुकड्या बांधल्या, जुन्या टोळ्या त्यांत विखुरल्या. आर्दुनच्या नायकाला हे जमलेलं नाही. त्याने टोळ्या मोडल्या नाहीत, फक्त सादक वाढवले. माझ्या कथेचं मूळ तिथे आहे.

सई

सोर्खाख्तानीचं नाव निघालं हे बरं झालं. इथवर एकाही प्रतिसादात बायका नव्हत्या, आणि भटक्या संघात संस्कृती एका टोळीतून दुसरीत नेणारं माणूस म्हणजे सून.

कझाकांत सात पिढ्यांच्या आत लग्न चालत नाही. मुलाला सात पूर्वजांची नावं पाठ असावीच लागतात. हा नियम तुम्ही आर्दुनला लावलात तर प्रत्येक तंबूत दुरून आलेली बाई असणार. तिच्या ताटातले पदार्थ, मुलाला झोपवताना म्हटलेली गाणी, नमद्यावर घातलेली नक्षी, बाळंतपणाचे विधी, सगळं माहेरचं. बाप केश्मेर असेल, पण मूल पहिले शब्द तुरगांच्या बोलीतले बोलेल. मग पुरुष बैठकीत ‘आम्ही केश्मेर’ म्हणून तलवारीवर हात ठेवतात, तेव्हा तंबूत बसलेल्या बाईला समोरच्या बाजूला भाऊ दिसत असतो.

तुआरेगांकडे तर वारसा आणि हुद्दा बऱ्याच गटांत आईकडून चालत आला. मामाचा वारस भाचा. बुरखा पुरुष घेतात. एकाच संघात तुम्ही दोन टोळ्यांना वेगवेगळी वारसापद्धत दिलीत, समजा बिल्हानांची आईकडून आणि केश्मेरांची बापाकडून, आणि संघनायकाची आई बिल्हान व बाप केश्मेर असेल, तर तो मेल्यावर दोन वारस उभे राहतात आणि दोघंही आपापल्या रीतीने खरे! भांडण लावायला दुष्ट माणूस लागतच नाही.

नीरेकाठ

सईताई, हे वाचून अंगावर काटा आला. ओव्यांमध्येही माहेरच्या वाटेचं वर्णन किती येतं ते आठवलं.

स्वरदा

शहरी वस्तूंबद्दल कोणी लिहीत नाहीये म्हणून मी लिहिते. शियोंग्नू हा चीनच्या उत्तरेचा मोठा टोळीसंघ, इसवी सन पूर्व २०९ मध्ये मोदू त्याचा प्रमुख झाला. चीनचा हान घराण्याचा दरबार त्यांना दरवर्षी रेशीम, धान्य, मद्य पाठवी आणि राजकन्याही देई. अशाच एका राजकन्येबरोबर झोंगहांग युए नावाचा चिनी खोजा सक्तीने पाठवला गेला, आणि तो तिथे जाऊन शियोंग्नूंचाच सल्लागार झाला. त्याने त्यांना सांगितलं, हे रेशीम घालून काटेरी झुडपांतून घोडे पळवा, मग कळेल की ते तुमच्या कातडी-नमद्याच्या पासंगालाही पुरत नाही. चिनी खाणं टाकून द्या, दूध-दही त्याहून बरं. परका माणूस त्यांना त्यांच्या चालीरीती जपायला सांगतो आहे आणि आतले लोक रेशमाला भुललेले आहेत, हे चित्र मला विलक्षण वाटतं.

पुढे मंगोलियात ओर्खोन नदीच्या खोऱ्यात आठव्या शतकातले तुर्की शिलालेख आहेत. त्यातही बिल्गे कागान आपल्या लोकांना बजावतो की चिन्यांच्या गोड बोलण्याला आणि मऊ रेशमाला भुलून तुम्ही मेलात. इतक्या शतकांनी तीच तक्रार! म्हणजे दुखणं खरं होतं.

शियोंग्नूंची शेवटी इसवी सन ४८ मध्ये उत्तर-दक्षिण अशी फाळणी झाली, दक्षिणेकडचे हानांच्या आश्रयाला गेले. आर्दुनमध्येही नदीजवळचे आणि नदीपासून दूरचे असा भेद टोळीच्या भेदावर मात करेल असं मला वाटतं.

पारगाव_तांडा

मी तांड्यावरचा. आमचा बंजारा समाज टोळीसंघ नाही, पण एका प्रश्नावर माझ्याकडे सांगण्यासारखं आहे.

लमाणांच्या बैलांच्या तांड्यांनी दख्खनभर धान्य आणि मीठ वाहिलं, मोगलांच्या फौजांना रसद पुरवली. रेल्वे आली आणि तो धंदा बसला. मग इंग्रजांनी १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा केला आणि कितीतरी भटक्या समाजांवर जन्मतःच शिक्का बसला. तो कायदा स्वातंत्र्यानंतर १९५२ साली गेला. आज आमची गोरबोली तेलंगणातला माणूस बोलतो, कर्नाटकातला बोलतो, मी बोलतो. होळीला लेंगी तीच, पोहरादेवीला सगळे येतात, नायक-कारभारी सगळीकडे. पण तेलंगणात आम्ही अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती आणि महाराष्ट्रात विमुक्त जाती. तीन यादींत तीन नावं. त्यातून शाळा, नोकरी, राजकारण तीन वाटांनी गेलं. नातेवाईक भेटले की बोलणं तेच होतं, पण काळज्या वेगळ्या असतात.

तुमच्या शहरांमधले कारकून वही घेऊन येतील ना, त्यांनी कोणाला कुठल्या रकान्यात लिहिलं हे दाखवा. पाच टोळ्यांमध्ये फूट पाडायला सैन्य पाठवावं लागणार नाही.

रानवाटा

पारगाव_तांडा, तुमचा प्रतिसाद मी परत परत वाचला. कारकुनाचं पात्र आधीच आहे, पण तो फक्त कर मोजत होता. आता तो माणसांची नोंद करेल, आणि ओर्म्यांना तुरगांच्याच रकान्यात घालेल, कारण त्याच्या दृष्टीने दोघेही डोंगरवाले.

दूरदेशी

अपघातालाही जागा ठेवा, अशी विनंती. तोर्गुत मंगोल सतराव्या शतकात व्होल्गेच्या काठी जाऊन राहिले होते. १७७१च्या हिवाळ्यात त्यांच्या उबाशी खानाने रशियाच्या जाचाला कंटाळून मूळ भूमीकडे परतायचं ठरवलं. नदी गोठली की पश्चिम काठावरचे लोक ओलांडून येणार होते. त्या वर्षी बर्फ पुरेसा घट्ट झालाच नाही. पूर्वेकडचे निघून गेले, वाटेत थंडी, भूक आणि हल्ल्यांत फार मोठा भाग मेला, उरलेले झुंगारियात चीनच्या आश्रयाला पोचले. पश्चिम काठावरचे तिथेच राहिले, ते आजचे काल्मिक. त्यांच्यात कुठलाही वाद नव्हता, एकमेकांना सोडायचा विचारही नव्हता. फक्त थंडी कमी पडली. वाचकाला सगळ्या फुटींची कारणं सापडू नयेत असं मला वाटतं, एखादी अशीही असू द्या.

कासारघाट

हे वाचून मी माझा विरोध थोडा सैल करतो. पण पूर्वजाचा मुद्दा सोडत नाही! ज्यांना पूर्वज नाही त्या सादकांचं काय होणार? संघनायक मेल्यावर केश्मेर पठारावर जातील, बिल्हान वाळवंटात. सादकांना जायला कुरणच नाही.

कडुलिंब

तेच सगळ्यांत जास्त लढतील. संघ टिकला तरच ते टोळी म्हणून टिकतात. निशाण त्यांच्याच ताब्यात असेल.

नीरेकाठ

आणि वाटेच्या वेळापत्रकाचा विसर पडू देऊ नका. वाड्यांमध्ये भांडण होतं ते बहुधा यावर, की आमच्या पाणवठ्यावर तुम्ही आमच्या आधी का उतरलात.

रानवाटा

नीरेकाठ, याला जोड म्हणून एक सांगतो. बासेरींबरोबर राहून नॉर्वेच्या फ्रेडरिक बार्थ यांनी जे नोंदवलं त्यात टोळीच्या ‘वाटे’ची कल्पना येते, तिला ते ‘इल-राह’ म्हणत. एकच खोरं वर्षाच्या वेगवेगळ्या आठवड्यांत वेगवेगळ्या टोळ्यांचं. मालकी जमिनीची कमी आणि तारखेची जास्त. तारीख चुकली तर मागच्या टोळीला खुरटलेलं गवत मिळतं आणि पुढचे सगळे अडतात.

तेव्हा आता असं ठरवतो. झुदचा हिवाळा कथेच्या आधी पाच वर्षं. तुरगांचे कळप भरले आहेत, बिल्हानांचे उंट अजून थोडके. दूरदेशींनी सुचवलेलं मिठाचं कंत्राट बिल्हानांच्या दोन घराण्यांकडे. त्या शरद ऋतूत तुरगा सरोवरावर त्यांच्या तारखेच्या नऊ दिवस आधी येऊन उतरतात, कारण कळप वाढल्यामुळे त्यांचं मागचं कुरण संपलं आहे. त्यांच्यात कोणाला भांडायचं नाही. पहिली चीर मी तिथे दाखवतो. संघनायक तेव्हा जिवंत आहे, आजारी आहे, आणि निवाडा त्याच्यापर्यंत पोचत नाही, सादकांचा मुख्य माणूसच तो देऊन टाकतो.

सईताई, दोन वारसांचा पेच जसाच्या तसा घेतो. आई बिल्हान, बाप केश्मेर.

सई

घ्या की. एकच विचारते. सादकांना पूर्वज हवा असेल तर ते तो तयार करतील. माणसं वंशावळ रचतात, ती गायची असते, पाठ करायची असते. आर्दुनमध्ये वंशावळ म्हणणारी माणसं कुठल्या टोळीची आहेत?

रानवाटा

आत्तापर्यंत ती केश्मेर होती. प्रत्येक मेळ्यात पहिल्या रात्री केश्मेर भाट पाचही टोळ्यांचे पूर्वज गातो, आणि सादकांची पाळी आली की गप्प होतो.

कासारघाट

मग तुमच्या शेवटच्या मेळ्यात त्याला पैसे देऊन कोणीतरी गायला लावणार. कोण?

रानवाटा

लोहार. सगळ्या टोळ्यांचे लोहार एकाच तळावर उतरतात, आणि मूळपुरुष नसलेले सादक हेच त्यांचे सगळ्यात जवळचे. सादकांचा पूर्वज लोहार होता असं गाणं ते बांधून देतील. केश्मेरांना ते सहन होणार नाही. त्या रात्रीपासूनचं प्रकरण लिहायला घेतो आहे, झालं की इथेच टाकेन. बिल्हानांच्या आईकडून येणाऱ्या वारशाबद्दल सईताई आणि दूरदेशींना व्यक्तिगत निरोप पाठवतो आहे, तिथे बारकावे अजून बरेच विचारायचे आहेत.